कुत्र्याचं कुंपण आणि मळ्याची राखण

आज आपणाशी चार शब्द बोलायचे आहेत ते कुंपणाविषयी, आणि तेही कुत्र्याच्या कुंपणाविषयी. विषय ऐकून काही मंडळींना हसू येईल. शेताला कुंपण असतं, परसाला असतं. पण कुत्र्याला कसलं कुंपण? कुत्रा हाच तर आपल्या घराचं कुंपण! पडवीत बसून तो एकदा गुरगुरला की अंधारातला माणूस चार पावलं मागे सरतो.

हे खरंच आहे. परंतु हाच राखणदार मोकळा सुटला म्हणजे काय होतं, तेही आपण पाहतो. शेजारच्या वस्तीवरच्या कोंबड्यांमागे तो लागतो आणि दोन घरांत अबोला होतो. मुंबई-आग्रा रस्ता ओलांडताना मोटारीखाली सापडतो. पिसाळलेल्या कुत्र्याशी झोंबून दंश घेऊन परततो आणि घरच्या लेकराबाळांना धोका होतो. बरं, बांधून ठेवावा, तर रात्री उसातून येणारा बिबट्या त्याला साखळीसकट धरतो. सोडावा तर पंचाईत, बांधावा तर पंचाईत. निफाड, दिंडोरी, सिन्नर या बाजूला मळ्यात राहणाऱ्या माणसांना हा प्रश्न पुस्तकातला नाही, रोज दिवेलागणीचा आहे.

आपल्या वाडवडिलांनी यावर आपापल्या परीने तोड काढली होती. बांधावर निवडुंग, शेर, घायपात लावायची. खळ्याभोवती बोरीच्या काट्या रचायच्या. धनगर मंडळी रानात उतरली म्हणजे मेंढरांभोवती जाळ्याचं वाघूर लावतात आणि कुत्री त्या वाघुराच्या बाहेर पहाऱ्याला ठेवतात. म्हणजे कुंपण मेंढरांना, आणि कुत्रा कुंपणाला. त्या कुत्र्याला कोणी हद्द आखून दिलेली नसते. मालकाची हाक जिथवर ऐकू येते, तिथवर त्याची हद्द.

घरच्या कुत्र्याला मात्र आपण सोपा उपाय करतो, तो म्हणजे साखळी. सकाळी बांधला तो दुसऱ्या सकाळपर्यंत तिथेच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. त्यात एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने जनावराला वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हाही गुन्हाच. कायद्याचं सोडा, पण दिवसभर हातभर साखळीत अडकलेला कुत्रा राखण करीत नाही. तो आल्यागेल्या सगळ्यांवर सारखाच भुंकतो. मग पाहुणा कोण आणि चोर कोण, हे त्याच्या भुंकण्यावरून घरच्यांना कसं कळावं?

साखळी नको आणि भिंतही नको, असा विचार करून अमेरिकेत एक नवी युक्ती निघाली. रिचर्ड पेक नावाच्या गृहस्थांना १९७३ साली तिचं पेटंट मिळालं. आता ती साधनं आपल्याकडेही विकत मिळतात. शहराजवळ बंगला बांधणारी, मळ्यात टुमदार घर उठवणारी मंडळी त्याविषयी विचारू लागली आहेत. हे कुंपण दिसत नाही, कारण ते जमिनीखाली असतं. त्याची रचना समजून घेऊ. समजायला ती मुळीच अवघड नाही.

घरात भिंतीवर एक लहानशी पेटी बसवायची. तिच्यातून एक तार निघते. ती तार अंगणाच्या किंवा आवाराच्या कडेकडेने, दोन-तीन बोटं खोल चर खणून पुरायची आणि फिरवून पुन्हा त्याच पेटीत आणून जोडायची. असं एक पूर्ण कडं तयार झालं पाहिजे. पेटी त्या तारेतून अगदी मंद अशा रेडिओच्या लहरी सोडते. कुत्र्याच्या गळ्यात एक पट्टा असतो, पट्ट्यावर काड्यापेटीएवढी डबी असते आणि डबीत छोटी बॅटरी. कुत्रा तारेजवळ आला की डबीला त्या लहरी ऐकू येतात, जसा आपला रेडिओ आकाशवाणीचं केंद्र पकडतो तशा. आधी डबी बारीक आवाज करते. कुत्रा तरीही पुढे गेला, तर डबीच्या दोन खुंट्यांतून त्याच्या मानेला झटका बसतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटतं की जमिनीतली तार कुत्र्याला झटका देते. तसं नाही. त्या तारेवर कुत्रा बसला, मूल बसलं, म्हैस बसली, तरी काहीही होत नाही. तार फक्त खूण पाठवते. झटका येतो तो गळ्यातल्या डबीतून. ही गोष्ट ध्यानात ठेवा. ज्याच्या गळ्यात पट्टा नाही, त्याच्यासाठी हे कुंपण अस्तित्वातच नाही. याचा उपयोग आपल्याला पुढे करायचा आहे.

आता शिक्षकमित्रांनी थोडं लक्ष द्यावं. तार पुरली, पट्टा बांधला आणि काम झालं, असं होत नाही. कुत्र्याला दिसत तर काहीच नाही. चालता चालता मान एकाएकी चमकली, तर तो बिचारा भांबावतो. कधी पुढेच पळत सुटतो, कधी अंगणात उतरायलाच भितो. म्हणून प्रथम तारेच्या रेषेवर लहान लहान झेंड्या रोवतात. कुत्र्याला दोरीने धरून झेंडीपाशी न्यायचं. आवाज झाला की त्याला प्रेमाने मागे बोलवायचं, आणि मागे आला की भाकरीचा तुकडा द्यायचा. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं, असं साधारण दोन आठवडे करावं लागतं. मग हळूहळू झेंड्या काढायच्या. रशियातले शास्त्रज्ञ इव्हान पाव्लोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की अन्नाआधी ठरावीक आवाज रोज केला, तर पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तोच नियम इथे आहे. नीट शिकवलेला कुत्रा आवाजालाच मागे फिरतो, त्याला झटका खायची वेळ क्वचितच येते. न शिकवलेला कुत्रा रोज झटके खातो आणि त्याला त्यांचा अर्थ कळत नाही. वर्गात छडीने पाढे पाठ होत नाहीत, हे शिक्षकांना मी वेगळं सांगायला नको.

हे साधन वापरणाऱ्यांनी आणखी काही पथ्यं पाळायची असतात. पट्टा चोवीस तास गळ्यात ठेवायचा नाही; खुंट्या एकाच जागी टोचून मानेला जखमा होतात. रोज पट्टा काढून मान पाहायची. पिल्लाला, आजारी किंवा मुळात भित्र्या कुत्र्याला तो घालायचाच नाही. वेल्समध्ये तर झटका देणाऱ्या पट्ट्यांना २०१० सालापासून कायद्याने बंदी आहे. जनावराला दुखवून शिकवू नये, असा विचार तिथे झाला. तेव्हा कोणी तुम्हाला सांगितलं की हे निव्वळ सुधारणेचं लक्षण आहे, तर दुसरी बाजूही आहे एवढं लक्षात असू द्या.

बरं, हे कुंपण आपल्या मळ्यात कितपत टिकेल? आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन बोटांवर पुरलेली तार अशा भेगेत ताणली जाते. द्राक्षबागेत ट्रॅक्टर फिरतो, ठिबकच्या नळ्या काढाव्या-घालाव्या लागतात, कुदळ चालते. तार एका ठिकाणी तुटली की सारं कडंच बंद. शिवाय वीज गेली की पेटी गप्प. बॅटरीची सोय नसेल तर रात्री वीज नसलेल्या वेळी ते कुंपण नुसतं नावाला उरतं. घराभोवतीच्या छोट्या अंगणापुरतं ते सांभाळता येईल. पाच एकरांच्या मळ्याला नाही.

पण याहून मोठी अडचण वेगळीच आहे. मघाशी म्हटलं, ज्याच्या गळ्यात पट्टा नाही त्याच्यासाठी हे कुंपण नाही. ते आपल्या कुत्र्याला बाहेर जाऊ देत नाही. बाहेरच्याला आत यायला मात्र पूर्ण मोकळीक आहे. गावातली मोकाट कुत्री खुशाल आत येतील, आणि बिबट्याही येईल. त्या वेळी आपला कुत्रा काय करील? पुढे बिबट्या, मागे झटक्याची रेषा. पळाला तर मानेला चटका बसतो, नाही पळाला तर जीव जातो. भीतीच्या भरात एखादा रेषा ओलांडून निसटलाच, तर परत येताना पुन्हा तोच झटका; म्हणून तो बाहेरच राहतो. नाशिक जिल्ह्यात हा विचार आधी केला पाहिजे, खरेदी मागाहून.

बिबट्याला कुत्राच का लागतो, असं पुष्कळजण विचारतात. याविषयी आपल्या शेजारीच चांगली पाहणी झालेली आहे. सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावून बिबट्यांचा अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचं दिसलं. तिथे राखीव जंगल नाही. वाड्या-वस्त्या, ऊस आणि विहिरी. त्यांनी बिबट्याच्या विष्ठेचीही तपासणी केली. त्याच्या पोटात गेलेल्या भक्ष्यापैकी, वजनाच्या हिशेबाने, शंभरातले ८७ भाग पाळीव किंवा गावातल्या जनावरांचे होते. त्यात एकट्या कुत्र्याचे ३९ भाग, मांजराचे १५ आणि शेळीचे अवघे ११. विशेष म्हणजे त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या!

असं का? उत्तर आपल्या अंगणातच आहे. शेळी संध्याकाळी गोठ्यात जाते, दार लागतं. कुत्रा रात्रभर उघड्यावर असतो. जनावर जे सोपं मिळतं ते खातं. ऊस वर्षभर उभा असतो, त्यात सावली असते, पाणी जवळ असतं, माणसाचा वावर कमी. मादी तिथेच विते. आणि उसाच्या कडेला कुत्री हिंडत असतात, कारण आपण मेलेल्या कोंबड्या आणि उष्टं-खरकटं बांधावर टाकतो. घाणीला कुत्रं, कुत्र्याला बिबट्या, अशी ही साखळी आहे. तिचं पहिलं कडं आपल्या हातात आहे.

या धास्तीपोटी माणसं काय काय करतात पाहा. २०२५ सालच्या नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या बाजूला, शेतकऱ्यांनी स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला सुरुवात केली. शिकारी जनावरापासून कुत्र्याचा गळा राखायला जो पट्टा, तो माणसांनी आपल्या गळ्यात घातला. यात हसण्यासारखं काही नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं आहे त्याला भीती वाटणारच. परंतु भीतीच्या पोटी आपण असा एक उपाय करतो की जो बिबट्याहूनही घातक आहे. तो म्हणजे मोटारीची वीज थेट कुंपणाच्या तारेत सोडणं.

श्रोतेहो, इथे मी तुम्हाला कळकळीने सांगतो. कुंपणाच्या तीन तारा वेगवेगळ्या आहेत, त्या एक समजू नका. पहिली, आत्ता सांगितलेली जमिनीखालची. तिच्यात नुसती खूण असते. दुसरी, खांबांवर ताणलेली झटका यंत्राची तार. रानडुकरं, मोकाट जनावरं, येवल्याकडे काळवीट यांच्यापासून पीक राखायला पुष्कळजण ती लावतात. या यंत्राचा दाब हजारो व्होल्टचा असतो, पण झटका सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरता येतो आणि दोन झटक्यांमध्ये साधारण एक सेकंदाची उसंत असते. त्या उसंतीत हात सुटतो, जनावर मागे उडी घेतं. म्हणून प्रमाणित यंत्र नीट बसवलं तर ते भिववतं, मारत नाही.

तिसरी तार म्हणजे खांबावरून आकडा टाकून किंवा मोटारीच्या पेटीतून काढलेली २३० व्होल्टची. तिला उसंत माहीत नाही. ती स्नायू आवळून धरते; हात चिकटला की सुटत नाही. एका अँपिअरचा दहावा भाग छातीतून गेला तरी माणसाचं हृदय बंद पडू शकतं. ओल्या पाटात उभं राहून रात्री पाणी भरणाऱ्या माणसाचं तर विचारूच नका. अशा तारेला प्रथम सापडतो तो कोण? बिबट्या क्वचितच. सापडतो घरचा कुत्रा, शेजाऱ्याची गाय, वाट चुकलेलं पोर, पहाटे बारं धरायला निघालेला घरधनी. कुंपणानेच शेत खाल्लं, ही म्हण आपण दुसऱ्याच्या लबाडीला लावतो; इथे ती अक्षरशः खरी होते. माणूस दगावला तर मृत्यूला कारण झाल्याचा खटला उभा राहतो. बिबट्या मेला, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. शिक्षा चुकत नाही. आणि या दोन्हींहून मोठं म्हणजे, गेलेला जीव परत येत नाही.

मग करावं काय? खर्चाचं असं फारसं नाही. दिवसा कुत्रा मोकळा असू द्या, पण त्याला हाकेला यायला शिकवा. झेंड्या रोवून, दोरीने फिरवून, भाकरीचा तुकडा देऊन बांधाची हद्द शिकवता येते; त्याला पट्टा आणि पेटीच हवी असं नाही. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने त्याला वस्तीभोवती एक फेरी घालून आणा. कुत्रा वासाने हद्द ओळखतो आणि रोजच्या फेरीने ती त्याच्या अंगवळणी पडते. ज्यांना घराजवळ मोठा रस्ता आहे आणि भिंत घालणं शक्य नाही, त्यांनी जमिनीखालच्या तारेचा विचार करायचाच तर पशुवैद्यांना विचारून करावा, आणि शिकवण्याची दोन आठवड्यांची मेहनत घेण्याची तयारी असेल तरच करावा.

दिवेलागण झाली की कुत्रा आत. ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. गोठ्याच्या एका कोपऱ्यात किंवा ओसरीला लागून, त्याच्यासाठी चारही बाजूंनी जाळी आणि वर पक्कं छप्पर असलेलं एक खोपटं करा. वर उघडं ठेवू नका. बिबट्या पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून सहज येतो. आतून कुत्रा भुंकला तरी राखण होतेच. आवाज जाळीतूनही ऐकू येतो. उघड्यावर साखळीला बांधलेला कुत्रा मात्र भुंकून काय करणार? त्याला पळायलाही जागा नसते. तो राखणदार नव्हे, ते बिबट्याला दिलेलं आमंत्रण झालं.

अंगणात दिवा ठेवा. खरकटं आणि मेलेल्या कोंबड्या खड्डा खणून पुरा. घराला लागून ऊस लावू नका, मधे थोडी मोकळी पट्टी सोडा. ऊस तोडताना बछडी दिसली तर हात लावू नका. काम थांबवा आणि वनखात्याला कळवा. १९२६ हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. पिल्लं त्याच जागी राहिली तर मादी रात्री येऊन ती घेऊन जाते. पिल्लं गावात आणली, तर ती त्यांना शोधत गावात येते. आणि कुत्र्याला दरवर्षी पिसाळण्याची लस टोचून घ्यायला विसरू नका. कुत्रं चावलंच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. भगताकडे किंवा हळद-तेल करण्यात वेळ दवडू नका.

शिक्षकमित्रांना एक विनंती आहे. मुलांकडून आपापल्या वस्तीचा नकाशा काढून घ्या. घर, गोठा, विहीर, ऊस, पायवाट, कुत्रा रात्री कुठे असतो ती जागा, आणि विजेची प्रत्येक तार. कोणती तार कसली, हे मुलांनी घरच्यांना विचारावं. हात लावून मात्र पाहू नये. एका तासाच्या या पाठात भूगोलही येईल, विज्ञानही येईल. एखाद्या घरात ती तिसरी तार असेल, तर वडील माणसांना मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देताना अडखळावं लागेल. कदाचित त्याच संध्याकाळी ती तार उतरेल.

श्रोतेहो, कुंपण काट्याचं असो, तारेचं असो की जमिनीखालचं असो, ते ज्याला शिकवलं आहे त्यालाच कळतं. कुत्र्याला आपण शिकवू शकतो. बिबट्याला शिकवू शकत नाही. त्याच्यासाठी दार लावावं लागतं. आपल्या जिवावर विसंबून रात्रभर जागणारं हे जनावर आहे. त्याची राखण कोणी करायची, हे कोणत्याही तारेवर सोपवून चालणार नाही. आज संध्याकाळी कंदील किंवा बॅटरी घेऊन एकवार बाहेर या, कुत्रा कुठे आहे ते पाहा, आणि त्याला आत घेऊन कडी लावा.